सावंतांच्या मुलखातून

नेसरीची खिंड मागे पडली की रस्ता नैऋत्येकडे वळतो आणि आजवर डोळ्यांस सवयीची झालेली काळी जमीन हळूहळू तांबूस होऊ लागते. ज्या खिंडीत 24 फेब्रुवारी 1674 रोजी सरनौबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सोबती बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले व कामास आले, तिच्याविषयी मराठी वाचकांस नव्याने सांगावे असे काही नाही. तेथे नतमस्तक होऊन पुढे जावे, एवढेच. परंतु त्या खिंडीपलीकडे पसरलेला चंदगडचा मुलूख, जेथे उसाच्या जोडीने भाताची खाचरे आणि काजूची झाडे दिसू लागतात व पावसाळ्यात समोरची टेकडी आठ-आठ दिवस धुक्याबाहेर येत नाही, तो मात्र इतिहासाच्या पुस्तकांत जेमतेम एखाद्या ओळीचा धनी झालेला आहे. एका राजकुलाची एक शाखा या मुलखात येऊन रुजली आणि त्या कुलाची सत्ता लयास गेल्यावरही तिचे नाव जमिनीच्या कागदांत टिकून राहिले. सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांचा शोध घेणारे बहुतेक लोक वाडीच्या राजवाड्यापासून आरंभ करतात. आम्ही तो उलट बाजूने, म्हणजे शाखेकडून मुळाकडे, घाटमाथ्यावरून तळकोकणात उतरत घ्यावा असे ठरविले होते.

पहिला मुक्काम गंधर्वगडाचा. वाळकुळी गावाजवळचा हा गड दुरून पाहिला तर सपाट माथ्याचा एक सामान्य डोंगर वाटतो, आणि उंचच उंच कडे व बुलंद बुरूज यांची अपेक्षा ठेवून येणाऱ्याची निराशा होणे स्वाभाविक आहे. तटबंदीचे अवशेष तुरळक उरले आहेत. पण वर पोहोचताच जे दिसते त्याने आम्ही खरोखर चकित झालो. गड उजाड नाही, तो नांदता आहे. माथ्यावर घरे आहेत, अंगणे आहेत, शेती आहे, चाळोबा देवाचे मंदिर आहे, आणि गुरे परतण्याच्या वेळी तेथे कोणत्याही खेड्यात असावी तशी लगबग असते. महाराष्ट्रातील शेकडो किल्ल्यांवर आज वटवाघळांखेरीज कोणी राहत नाही. चंदगड तालुक्यात मात्र गंधर्वगड आणि पारगड असे दोन गड माणसांनी सोडलेले नाहीत, आणि या योगायोगामागे एक कारण आहे, ते पुढे येईल.

हा गड 1724 च्या सुमारास नाग सावंताने बांधला. नाग सावंत हा वाडीचे अधिपती दुसरे फोंड सावंत यांचा द्वितीय पुत्र. राज्य थोरल्याकडे जावयाचे हे ठरलेलेच असल्याने धाकट्याने आपल्या पराक्रमास नवे क्षेत्र शोधावे, ही सर्वच राजकुलांतील रीत. नाग सावंत घाट चढून वर आला, त्याने हेरे व चंदगड ही गावे घेतली, चंदगडास ठाणे बसविले आणि त्या ठाण्याच्या रक्षणार्थ गंधर्वगड उभारला. कोकणातील घराण्याने घाटमाथ्यावर पाय रोवण्यात मोठी दूरदृष्टी होती. ज्याच्या हाती घाटांचे वरचे तोंड, त्याच्या हाती खालच्या बंदरांकडे जाणारा माल आणि त्यावरील जकात. परंतु ही जागा कोल्हापूरकरांच्या हद्दीला इतकी भिडलेली की ती निर्वेधपणे उपभोगणे कोणासच शक्य नव्हते. 1750 साली कोल्हापूरच्या संभाजीराजांनी सदाशिवरावभाऊंस आपली पेशवाई देऊ केली, तेव्हा तिच्यासोबत पाच हजारांची जहागीर आणि पारगड, कलानिधीगड व चंदगड ही ठिकाणे नेमून दिली. म्हणजे सव्वीस वर्षांच्या आत वाडी, कोल्हापूर आणि पुणे या तिन्ही दरबारांची दृष्टी या टापूवर पडून गेली होती.

येथे थोडे थांबून या कुलाच्या उगमाकडे पाहिले पाहिजे. भोसले हे उपनाम धारण करणारी राजघराणी एक नव्हे, अनेक. वेरूळच्या पाटिलकीतून उदयास आलेले शिवछत्रपतींचे घराणे 1731 च्या वारणेच्या तहाने सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्यांत कायमचे विभागले गेले. व्यंकोजीराजांची शाखा तंजावरास रुजली आणि तिने तमिळ देशात मराठी ग्रंथसंपदा जोपासली. नागपूरचे भोसले स्वतःस हिंगणीकर म्हणवीत. आणि अक्कलकोटची शाखा तर रक्ताची नव्हेच, शाहू महाराजांनी पारदच्या लोखंडे घराण्यातील एक मूल पदरी घेऊन त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले व त्यास आपले कुलनाम दिले, त्यातून ती निघाली. मुधोळचे घोरपडेही आपले मूळ भोसल्यांतच सांगतात. वाडीचे सावंत हेही भोसले कुलाचे आणि शिसोदिया वंशाचे असल्याचा वारसा सांगतात. वंशावळींतील या दूरच्या पायऱ्यांवर वाद घालण्यात विद्वानांनी पुष्कळ आयुष्य खर्ची घातले आहे. आमच्या मते त्याहून महत्त्वाचे हे की कुल ही वस्तू केवळ रक्ताने कधीच बनली नाही. दत्तकाने, सोयरिकीने, चाकरीने आणि मुख्यतः जमिनीने ती बनत गेली.

हीच गोष्ट स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील कुळांसंबंधी तेथील इतिहासकार सांगतात. कॅम्पबेल कुलाचे प्रमुख अर्गाइलचे ड्यूक. त्यांच्या उपशाखा ब्रेडाल्बेन, कॉडर, लाउडन अशा त्या त्या ठिकाणच्या नावांनी ओळखल्या गेल्या. आणि प्रमुखाचे नाव लावणारे हजारो कूळकरी त्याच्या रक्ताचे असतच असे नाही, त्याच्या आश्रयाचे मात्र असत. विशेष हे की आपल्या मराठा घराण्यांचा पहिला विस्तृत इंग्रजी इतिहास 1826 मध्ये ज्याने प्रसिद्ध केला तो जेम्स ग्रँट डफ हा स्कॉटलंडमधील बॅन्फ गावचा. सातारचा रेसिडेंट म्हणून 1820 मध्ये अक्कलकोट, जत, फलटण, औंध, भोर यांसारख्या जहागीरदारांशी तहनामे करताना त्याच्यापुढे सरदार, त्यांचे भाऊबंद, त्यांची वतने आणि त्यांचे आपापसांतील मानपानाचे तंटे आले असतील, तेव्हा त्यास ते सर्वस्वी परके वाटले नसावे, असे आम्हांस राहून राहून वाटते.

गंधर्वगड उतरून चंदगडास आलो. गाव ताम्रपर्णीच्या काठी वसलेले आहे, ग्रामदैवत रवळनाथ. तळकोकणात गावोगाव पूजिला जाणारा हा देव घाटमाथ्यावरही मानाच्या जागी बसलेला पाहून मुलखांच्या राजकीय हद्दी आणि श्रद्धेच्या हद्दी किती भिन्न असतात याचा प्रत्यय येतो. भाषेचेही तेच. चंदगडी बोलीत कोकणीचा हेल आहे, कानडीचे शब्द आहेत, आणि तरी ती निःसंशय मराठी आहे. हा तालुका 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात मोडत असे. राज्यपुनर्रचनेत 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण त्यातून चंदगड तेवढा वगळून मुंबई राज्यात राखला गेला व कोल्हापूर जिल्ह्यास जोडण्यात आला. आजही येथील माणूस बाजाराला बेळगावास आणि सरकारी कामास कोल्हापुरास जातो. ऊस, भात आणि नाचणी ही मुख्य पिके. त्यांच्या जोडीला काजू, ज्याच्या बिया भाजण्याचे व सोलण्याचे कारखाने तालुक्यात जागोजाग आहेत आणि त्यांत बहुतांशी स्त्रिया काम करतात. याच तालुक्यातील कोवाड हे रणजित देसाई यांचे गाव. ‘स्वामी’ आणि ‘श्रीमान योगी’ लिहिणारा कादंबरीकार अशा मातीत जन्मास यावा, जेथे प्रत्येक टेकडीला किल्लेदार आणि प्रत्येक शिवाराला सनद आहे, यात नवल नाही.

चंदगडहून दक्षिणेस गेले की हेरे लागते. गाव लहान, पण चंदगड तालुक्यात जमिनीसंबंधाने कोणाशीही बोलावयास बसा, पाच मिनिटांत हेरे हे नाव निघाल्याशिवाय राहत नाही. कारण हेरे सरंजाम. वाडीच्या सावंत-भोसल्यांची जी शाखा येथे स्थिरावली ती हेरेकर म्हणून ओळखली गेली, आणि भोवतालची अनेक गावे तिच्या सरंजामात होती.

वतन आणि सरंजाम यांतील भेद आजच्या वाचकास सांगणे अवश्य आहे. वतन हे वंशपरंपरेचे. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देसाई यांचा हक्क गावाशी व परगण्याशी बांधलेला असे, तो विकता येई, वाटून घेता येई, आणि राजा बदलला तरी सहसा बुडत नसे. सरंजाम हा सेवेचा मोबदला. इतके स्वार, इतके पायदळ बाळगून सरकारचाकरी करावी आणि त्याच्या खर्चासाठी अमुक गावांचा वसूल खावा, असा तो करार. चाकरी संपली की सरंजाम सरकारजमा. पेशवाईत सरंजाम हळूहळू वंशपरंपरेचे बनू लागले आणि इंग्रजांनी तर अनेकांस राजकीय कारणास्तव तसेच चालू ठेवले. ज्या फौजेसाठी गावे दिली ती फौज नाहीशी झाली, पण गावे राहिली. अखेर स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने 1952 च्या नियमान्वये राजकीय स्वरूपाचे सरंजाम, जहागिरी व इनामे परत घेतली.

येथवरचा वृत्तान्त इतर पुष्कळ सरंजामांचा आहे. हेरे येथील विशेष पुढे आहे. सरंजाम गेला तरी त्या जमिनी कसणाऱ्यांच्या सातबारावर त्या भोगवटादार वर्ग दोन म्हणूनच दाखल राहिल्या. म्हणजे जमीन कसावी, पिढ्यान्‌पिढ्या भोगावी, पण विकावयाची, गहाण टाकावयाची अथवा वाटून घ्यावयाची झाली की सरकारची पूर्वपरवानगी हवी. वर्ग एकची नोंद मिळावी म्हणून चंदगडच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे अर्ज केले, मोर्चे काढले, आणि अलीकडे कोठे त्या दिशेने शासनाचे पाऊल पडू लागले आहे. गावातील एका वृद्ध शेतकऱ्याने आपल्या घरातील कागदांचे पुडके आम्हांस उलगडून दाखविले. त्यात नव्या उताऱ्यावरही ‘सरंजाम’ हा शब्द छापलेला पाहून आम्ही क्षणभर स्तब्ध झालो. 1724 साली घाट चढून आलेल्या एका राजपुत्राच्या पराक्रमाचे पडसाद आज तलाठ्याच्या दप्तरात उमटतात, आणि त्यामुळे एखाद्या मुलीच्या लग्नासाठी किंवा मुलाच्या शिक्षणासाठी अर्धा एकर विकणे अडून राहते. इतिहास इतक्या निकट येऊन बसलेला आम्ही तरी अन्यत्र पाहिला नाही. त्या शेतकऱ्याच्या बोलण्यात सावंतांविषयी कडवटपणा नव्हता. हेरेकरांचा उल्लेख तो आदरानेच करी. त्याची तक्रार कागदाविषयी होती.

येथेच स्कॉटलंडशी असलेले साम्य संपते. तेथे 1746 मध्ये कलोडनच्या माळावर डोंगरी कुळांचा पराभव झाल्यानंतर कायद्याने प्रमुखांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार काढून घेतले, पण जमीन त्यांच्याकडेच ठेवली. पुढे त्याच प्रमुखांनी जमीनदार बनून मेंढ्यांच्या कुरणांसाठी आपलेच कूळकरी हुसकून लावले आणि ती माणसे समुद्रापार कॅनडाकडे गेली. महाराष्ट्रात 1948 च्या कूळकायद्याने आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनाने कसणाऱ्यास जमिनीचा मालक मानण्याचे धोरण स्वीकारले. त्याची अंमलबजावणी किती रखडली याचा पुरावा हेरे सरंजाम आहे, हे खरे. परंतु येथील माणूस आपल्या शिवारातून उठविला गेला नाही. आमच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

हेरे सोडून मोटणवाडी व इसापूरमार्गे पारगडास जाणारा रस्ता दाट जंगलातून जातो. गवे येथे नित्याचे. 2002 च्या सुमारास कर्नाटकातून हत्तींचा कळप उतरला तेव्हापासून हत्तीही या भागास पाहुणे राहिलेले नाहीत, आणि केळी, ऊस व भात यांची नासधूस करणारा हा शेतकऱ्यांचा नवा शत्रुपक्ष झाला आहे. रस्ता संपतो तेथे पायऱ्या लागतात, आणि त्या चढून गेले की सह्याद्रीच्या अगदी कडेवर वसलेला पारगड. पलीकडे दृष्टी फेकावी तो खाली कोकण आणि त्यापुढे गोव्याची धूसर रेषा.

शिवछत्रपतींनी 1676 च्या सुमारास पोर्तुगीजांच्या मुलखावर नजर ठेवण्यासाठी हा गड बांधविला आणि सिंहगडावर देह ठेवलेल्या तानाजी मालुसरे यांचे पुत्र रायबा यांस येथे किल्लेदार नेमिले. चंद्रसूर्य आहेत तोवर गड जागता ठेवा, अशी महाराजांची आज्ञा असल्याचे गडकरी सांगतात. तिचा लेखी पुरावा कोणी मागितला तर मागो. मालुसऱ्यांचे वंशज व त्यांच्यासोबत आलेल्या घराण्यांचे वंशज आजही भवानीच्या मंदिराभोवती नांदत आहेत, ही गोष्ट कोणत्याही कागदाइतकी सबळ आहे. महाराजांनी तानाजींच्या पार्थिवावर वाहिलेली कवड्यांची माळ घराण्यात जपली गेल्याची परंपरा आहे. पोलादपूरजवळील उमरठच्या या कुलाने इतक्या दूर, इतक्या पावसाच्या आणि इतक्या अडचणीच्या जागी मुळे धरावीत याचे कारण शोधू गेल्यास ते पुन्हा जमिनीपाशीच येते. गडकऱ्यांस गडाभोवतीची शेते चाकरीबद्दल तोडून दिलेली असत. वेतन रोकडीत नसून शिवारात असे. म्हणून चाकरी संपल्यावरही ते गेले नाहीत. गंधर्वगड नांदता राहिला तोही याच व्यवस्थेने.

या व्यवस्थेस हात लावताच काय होते ते 1844 ने दाखविले. कोल्हापूरच्या कारभारात इंग्रजांच्या पुढाकाराने सुधारणा होऊ लागल्या, गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात देण्याचे हुकूम सुटले, आणि सामानगडाच्या गडकऱ्यांनी दरवाजे बंद करून घेतले. पाहता पाहता उठाव भुदरगडापर्यंत आणि घाटाखाली वाडीच्या राज्यात पसरला. इंग्रजी इतिहासकारांनी त्यास बंडाळी म्हटले. आपला तुकडा जाताना पाहणाऱ्या माणसांनी दुसरे काय करावे?

पारगडावरून मागे येऊन तिलारीच्या घाटाने आम्ही खाली उतरलो. घाट अरुंद आणि उताराचा, वळणे इतकी तीव्र की चालकाचे कौशल्य पणास लागते. वर अडविलेले पाणी डोंगराच्या पोटातून खाली नेऊन त्यावर वीज निर्माण केली जाते आणि खालच्या धरणाचे पाणी महाराष्ट्र व गोवा वाटून घेतात. जेथे अठराव्या शतकात दोन्ही बाजूंच्या फौजा एकमेकींवर धावून जात, तेथे आज पाण्याचा हिशेब चालतो. वाडीकर आणि पोर्तुगीज यांचे वैर शंभर वर्षांहून अधिक काळ धुमसत होते. 1746 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने सावंतांचा हळर्णचा किल्ला घेतला आणि त्या विजयाबद्दल त्यास ‘आलोर्नाचा मार्क्विस’ हा किताब मिळाला. पुढे डिचोली व सत्तरी गेली, आणि 1788 मध्ये कोल्हापूरकरांविरुद्ध मदतीच्या मोबदल्यात पेडणे महालही पोर्तुगीजांस द्यावा लागला. गोव्यातील ज्या भागास ‘नव्या काबिजादी’ म्हणतात त्याचा उत्तरेकडील मोठा हिस्सा मूळचा सावंतांचा. भाऊबंदकीची किंमत परक्यास कशी मिळते याचे याहून स्पष्ट उदाहरण दक्षिण कोकणच्या इतिहासात नाही.

बांद्याहून तेरेखोल नदीच्या काठाने ओटवण्यास गेलो. येथील रवळनाथाशी सावंत घराण्याचे जुने नाते आहे. देवळात बारापाच मानकऱ्यांचा क्रम आजही काटेकोरपणे पाळला जातो. कोणी तरंग धरावे, कोणी आधी नारळ ठेवावा, कौल कोणी लावावा, हे सर्व ठरलेले. राज्यातील दरबारी मान नाहीसे झाले तरी देवळातील मान शाबूत राहिले, आणि कुलाच्या शाखांचा परस्परसंबंध जाणून घ्यावयाचा तर वंशावळीइतकेच दसऱ्याच्या दिवशीचे हे क्रम अभ्यासावे असे आम्ही सुचवू.

वाडी सुंदर आहे. मोती तलाव, त्यापलीकडे राजवाडा, मागे नरेंद्र डोंगर, या देखाव्याचे वर्णन अनेकांनी केलेले असल्याने ते येथे पुन्हा करीत नाही. राजवाड्यात आजही चालणारे गंजिफांचे काम मात्र पाहण्यासारखे आहे. दशावतारी गंजिफांच्या एका संचात दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पाने, अशी एकशेवीस वर्तुळाकार पाने हाताने रंगविलेली असतात. ही कला मरणपंथास लागली असता शिवरामराजे भोसले व राजमाता सत्वशीलादेवी यांनी चितारी कारागिरांस एकत्र करून तिला पुन्हा उभे केले. राज्य गेल्यानंतर एखाद्या राजकुलाने प्रजेसाठी केलेल्या कामांत याची गणना आम्ही फार वरच्या स्थानी करतो.

वाडीचे राज्य वैभवास चढले ते तिसऱ्या खेम सावंतांच्या दीर्घ कारकिर्दीत, 1755 ते 1803. ग्वाल्हेरच्या शिंद्यांची कन्या लक्ष्मीबाई त्यांना दिली, दिल्लीच्या बादशहाकडून ‘राजेबहादूर’ हा किताब आला, आणि त्या किताबाने कोल्हापूरकरांचा मत्सर जागा होऊन युद्ध ओढवले. त्यापूर्वी रामचंद्र सावंतांच्या काळात त्यांचे चुलते जयराम सावंत यांनी राज्य सावरले होते. पण त्यांचेही पुतण्याशी बिनसले आणि ते कुडाळास जाऊन राहिले. खेम सावंत पुत्रहीन वारले. त्यांच्या विधवा राण्यांत कलह माजला, दत्तक घेतलेल्या भाऊसाहेबांचा 1807 मध्ये गळा दाबून खून झाला, आणि 1819 च्या फेब्रुवारीत जनरल ग्रँट कीर निवती व रेडी हे किल्ले घेऊन तहनामा पुढे करीत आला तेव्हा प्रतिकार करण्याची शक्ती दरबारात उरली नव्हती. 1838 मध्ये कारभारच इंग्रजांनी हाती घेतला. परंतु जेव्हा गादी निष्प्रभ झाली होती तेव्हा एक शाखा उभी राहिली. 1844 च्या उठावात तांबुळीचे फोंड सावंत तांबुळकर आपल्या आठ मुलांसह उतरले, मनोहर-मनसंतोष गडांच्या आश्रयाने इंग्रजी फौजांशी झुंजले, आणि मोड झाल्यावर गोव्यात गेले. जेम्स आउट्रमसारख्या सेनानीस त्या रानात महिनोन्‌महिने फिरावे लागले. वाडीच्या राजांची नावे पुस्तकांत आहेत. तांबुळकरांचे नाव शाळेतील एका मुलासही ठाऊक नसावे, ही खेदाची गोष्ट आहे.

शेवटचा टप्पा होडावड्याचा. वाडीहून वेंगुर्ल्याकडील बाजूस, माडांच्या व आंब्यांच्या दाटीतील या गावी 1554 च्या सुमारास मांग सावंत नावाच्या पुरुषाने ठाण मांडले, विजापूरच्या आदिलशाहीविरुद्ध हत्यार उपसले आणि मरेपर्यंत आपले स्वातंत्र्य राखले. त्याच्या वंशजांस पुन्हा विजापूरची चाकरी पत्करावी लागली, पण बी पडले होते. लखम सावंताने कुडाळच्या प्रभुदेसायांस दूर सारून सरदेसाईपण हस्तगत केले, 1659 मध्ये शिवरायांशी तह केला, तो मोडून पुन्हा विजापुराकडे गेला, आणि पराभूत होऊन परत शरण आला. मोठ्या सत्तांच्या मध्ये सापडलेल्या लहान राज्याचे सारे पुढील चरित्र त्याच्या कारकिर्दीत आरंभीच लिहिले गेले.

आज होडावड्यात या उगमाची साक्ष देणारे फारसे काही दिसत नाही, आणि हेरे येथे ज्यांच्या घरी जुनी सनद, महजर अथवा वसुलाची कीर्द आहे तेथे वाळवी आपले काम करीत आहे. कोल्हापूरच्या पुरालेखागारात मोडी कागद जतन करण्याची व वाचण्याची सोय आहे. चंदगड, दोडामार्ग आणि वाडी या तिन्ही तालुक्यांतील ज्या कुटुंबांजवळ असे कागद असतील त्यांनी मूळ प्रती आपल्याकडेच ठेवाव्यात, पण येत्या पावसाळ्यापूर्वी त्यांच्या नकला तेथे अवश्य पोहोचवाव्यात, अशी आमची कळकळीची विनंती आहे.